झाडलेल्या गोळ्याची पुढील वाट : खानदेशांतील वेढ्यांच्या धातु-अवशेषांविषयीं कांहीं विचार

(१)

एकाद्या किल्ल्याच्या वेढ्याची हकीकत आपण वाचतों तेव्हां मोर्चे कोठें बांधले, तोफा किती चढविल्या, कोणता बुरूज ढांसळला, कोण पडला आणि किल्ला कोणत्या दिवशीं खालीं झाला, इतक्या गोष्टी तींत बहुधा मिळतात. निशाण बदललें कीं बखरकार लेखणी खालीं ठेवतो व ग्याझेटियरकार पुढील गांवाकडे वळतो. परंतु त्या वेढ्यांत तोफांचे जे शेंकडों गोळे आणि बंदुकांच्या ज्या हजारों गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांचें पुढें काय झालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. लोखंड व शिसें हे हवेंत विरून जाणारे पदार्थ नव्हत. ते कोठें तरी पडले, कोणी तरी उचलले आणि कशाच्या तरी उपयोगास लावले.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असता, तर त्यासाठीं वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु तो पुराव्याचा प्रश्न आहे. जुन्या गढीवर गोळा सांपडला कीं येथें लढाई झाली असें आपण म्हणतों. न सांपडला तर गांवची आठवण ही दंतकथा ठरवितों. आणि सांपडलेले गोळे कोणाचे आहेत यावरून कोणत्या पक्षानें किती मारा केला याचें अनुमान बांधतों. हीं तिन्ही अनुमानें एकाच ठिकाणीं लंगडीं पडतात. झाडलेला गोळा हा पुनः पुनः वापरांत जाणारा माल होता. त्यांतील जो प्रकार पुनः वापरण्यास सोपा, तोच आज कमी सांपडणार. जो कोणाच्या उपयोगाचा नव्हता, तोच जागेवर पडून राहणार. म्हणून उरलेल्यावरून झाडलेल्याचें माप घेतां येत नाहीं, असें प्रस्तुत लेखाचें प्रतिपादन आहे. तें खानदेशाच्या उदाहरणानें मांडण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम हा माल येत कोठून होता तें पाहूं. इ. स. १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जे पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, तो खानदेशचा बहुतेक सर्व मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे दक्षिणच्या ज्वालामुखी थरांचा आहे. सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांमधील तापीचें खोरें कापसास उत्तम, परंतु त्या काळ्या दगडांत शिशाची खाण नाहीं. मराठ्यांच्या राज्यांतील शिसें मुख्यतः समुद्रमार्गें येई. सुरतेस व इतर बंदरांत इंग्रज व्यापारी जो माल आणीत, त्यांत शिसें हा एक नेमाचा जिन्नस होता, आणि शिवाजी महाराजांच्या वेळेपासून त्याचें गिऱ्हाईक आपल्याकडे होतें. लोखंड देशांत होत असे. महाबळेश्वराच्या बाजूचे धावड लाल मातीच्या दगडांतून तें काढीत. परंतु तेंहि खानदेशास दूरचेंच. तेव्हां तापीच्या कांठच्या कोणत्याहि गढींत जें शेरभर शिसें असे, तें बैलाच्या पाठीवर कित्येक मजला चालून आलेलें होतें.

अशा मालाची किंमत त्याच्या वजनावर ठरते. तो एकदां बंदुकींतून गेला म्हणून ती उतरत नाहीं. दारूचें मात्र तसें नाहीं. सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण एकदां पेटलें कीं त्याचा धूर होतो व तें कायमचें जातें. शिवाय न पेटलेली दारूहि ओलीनें नासते. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, हवालदारानें ठराविक दिवसांनीं स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढवून ऊन द्यावें आणि पुनः मुद्रा करून ठेवावें, अशी ताकीद तेथें आहे. ही काळजी दारूची आहे. गोळ्यास ऊन द्यावें लागत नाहीं. बाराच्या सामुग्रींत एक अंग नाशवंत आणि दुसरें अंग चिरस्थायी, हा भेद ध्यानांत धरला म्हणजे पुढील विवेचन सोपें होईल.

(३)

झाडण्याच्या वस्तूंचे पुनरुपयोगाच्या दृष्टीनें चार वर्ग करावे लागतात.

पहिला वर्ग दगडी गोळ्यांचा. जुन्या मोठ्या तोफांतून व गरनाळांतून दगडाचे घडीव गोळे जात. असा गोळा भिंतीवर आपटला कीं बहुधा फुटे. न फुटला तर तो त्याच तोंडाच्या तोफेस पुनः चाले. याखेरीज त्याचा धंद्यांत कांहीं उपयोग नाहीं. म्हणून किल्ल्यांवर दगडी गोळे आजवर पडून राहिलेले दिसतात.

दुसरा वर्ग ओतीव लोखंडी गोळ्यांचा. कंपनीच्या पलटणींबरोबरचे भरीव गोळे या जातीचे. सांच्यांत ओतलेलें लोखंड कठीण पण ठिसूळ असतें. तें तापवून ऐरणीवर ठेवलें तर घणाखालीं पसरत नाहीं, तुकडे होतात. आणि तें पुनः वितळविण्यास सुमारें १२०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, जी गांवच्या लोहाराच्या भात्यास साधत नाहीं. सारांश, ओतीव गोळा तोफखान्यास उपयोगी, परंतु शेतकऱ्यास व लोहारास जवळजवळ निरुपयोगी. त्याचें वजन करावें, उखळाजवळ ठेवावा, फार तर देवळाच्या पायरीशीं मांडावा, इतकेंच.

तिसरा वर्ग घडीव लोखंडी गोळ्यांचा. आपल्याकडील पुष्कळ गोळे ओतलेले नसून ठोकून केलेले असत, आणि त्यांच्या खडबडीत पृष्ठामुळें तोफेची नळी आंतून झिजे, असें त्या काळच्या युरोपीय लष्करी लेखकांनीं नमूद केलें आहे. पेशव्यांनीं जुन्नर प्रांतीं आंबेगांवास गोळ्यांचा कारखाना घातला होता, तरी ठिकठिकाणच्या लोहारांकडून गोळे करवून घेण्याची रीत चालूच होती. हें घडीव लोखंड नरम असतें. तें तापवून वाटेल तसें वाढवितां येतें, एकास एक जोडतां येतें. अशा एका गोळ्याचे फाळ, कुदळी, विळे, गाडीच्या धांवेचे तुकडे होऊं शकतात. लोहाराच्या दृष्टीनें तो गोळा नव्हेच. ती तयार लोखंडाची लगड आहे.

चौथा वर्ग शिशाच्या गोळ्यांचा. शिसें ३२७ अंशांवर वितळतें. म्हणजे चुलीवरच्या लोखंडी पळींत त्याचा रस होतो. बंदुकवाल्याजवळ गोळीचा सांचा असेच. चपटी झालेली, दगडावर आपटून वेडीवांकडी झालेली गोळी अर्ध्या घटकेंत पुनः गोल होई. बंदुकीस नको असेल तर भोयाच्या जाळ्याचें वजन, तराजूचें पासंग, दगडी बांधकामांत लोखंडी पकड बसविण्याचा रस, अशीं शिशाचीं अनेक कामें होतीं. सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिशांत बसविल्याची परंपरा प्रसिद्धच आहे.

या चार वर्गांस पुनरुपयोगाच्या सोयीप्रमाणें क्रम लाविला तर शिसें पहिलें, घडीव लोखंड दुसरें, ओतीव लोखंड तिसरें व दगड शेवटचा असा येतो. अवशेषांत सांपडण्याचा क्रम याच्या बरोबर उलट होणार. यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे : एकाच वेढ्यांत दोन्ही पक्षांनीं सारखे गोळे झाडले असले, तरी शंभर वर्षांनीं कंपनीचे ओतीव गोळे अधिक सांपडतील आणि किल्लेकऱ्यांचे घडीव गोळे कमी. ते फाळ होऊन शेतांत गेले. जो संशोधक केवळ सांपडलेल्या गोळ्यांची मोजणी करील, तो किल्लेकऱ्यांनीं मारा फारसा केला नाहीं असा निकाल देऊन मोकळा होईल, आणि तो निकाल अन्यायाचा होईल.

यास एक अपवाद सांगितला पाहिजे. महादजी शिंद्यांनीं आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं युरोपीय पद्धतीचा तोफांचा कारखाना चालविला होता. शिंद्यांच्या फौजेच्या व किल्ल्यांच्या बाबतींत ओतीव म्हणजे इंग्रजी हें समीकरण धरतां येणार नाहीं. खानदेशच्या वेशीवरचा असीरगड शिंद्यांकडे होता, ही गोष्ट तेथील अवशेषांचा विचार करतांना विसरूं नये.

(४)

आतां प्रत्यक्ष वेढ्यांकडे वळूं. महीदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजीं झाली व ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यानंतर सुमारें पंधरा महिन्यांत या प्रांतांत व त्याच्या सीमेवर एकामागून एक किल्ले पडले. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं तापीकांठचें थाळनेर जनरल हिस्लॉपनें घेतलें; वेशीपाशीं झालेल्या गोंधळानंतर शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यास फांशी देण्यांत आलें. मे-जूनमध्यें कर्नल मॅकडॉवेलनें मालेगांवास वेढा दिला. हा तालुका त्या वेळीं खानदेशांत मोडे, नाशिक जिल्ह्यांत तो इ. स. १८६९ सालीं गेला. वर्षाच्या अखेरीस अंमळनेरच्या अरबांचा बंदोबस्त झाला. ९ एप्रिल १८१९ रोजीं असीरगड खालीं झाला.

यांपैकीं मालेगांवचा वेढा आपल्या विषयास फार उपयोगी आहे. नारो शंकरांनीं बांधलेल्या या भुईकोटांत अरबांची शिबंदी होती. इंग्रजांनीं मे महिन्याच्या मध्यानंतर मोर्चे लाविले. दहा दिवसांत त्यांच्या अवजड तोफांची सामुग्री संपत आली आणि अशा स्थितींत केलेला हल्ला फसला. मग नवी कुमक व उखळी तोफा येईपर्यंत थांबावें लागलें. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत बाहेरून आलेल्या कुलपी गोळ्यांनीं किल्ल्यांतील दारूखाना उडाला, तटास मोठें खिंडार पडलें आणि जूनच्या मध्यास शिबंदीनें किल्ला सोडला. एका बाजूस सामुग्री आटल्यामुळें घाई, दुसऱ्या बाजूस दारूखाना उडाल्यामुळें शरणागति. या वेढ्याचे दोन्ही निर्णायक क्षण सामुग्रीच्या हिशेबावरच घडले.

अशा टंचाईंत शत्रूचा येऊन पडलेला गोळा उचलून त्यासच परत धाडणें ही चमत्कारिक गोष्ट नसून नेहमींची काटकसर होती. तिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इ. स. १८५७ च्या दिल्लीचें. टेकडीवरील इंग्रजी छावणींत चोवीस रतली गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हां शहरांतून आलेले गोळे वेंचून आणणारांस मोबदला देण्यांत येई आणि तेच गोळे इंग्रजी तोफांतून पुनः शहरावर पडत. त्याच धामधुमींत दुसऱ्या पक्षानेंहि हीच बुद्धि चालविली; तारायंत्राची तार कापून तिचे तुकडे बंदुकींत भरल्याचे दाखले आहेत. गरज पडली म्हणजे सर्वच पक्ष सारखे हिशेबी होतात.

परंतु दुसऱ्याचा गोळा आपल्या तोफेस चालेलच असें नाहीं. गोळा तोफेच्या तोंडाहून किंचित् लहान असावा लागतो. चोवीस रतली ओतीव गोळ्याचा व्यास साडेपांच इंचांच्या थोडा वर, अठरा रतलीचा पांच इंचांच्या आसपास, बारा रतलीचा सुमारें चार इंच व चार दशांश. मोठ्या तोंडाच्या तोफेंत लहान गोळा घातला तर दारूचा जोर भोंवतालच्या फटींतून वायां जातो आणि नेम चुकतो. लहान तोंडांत मोठा गोळा शिरतच नाहीं. आपल्या किल्ल्यांवरील तोफा निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या कारखान्यांत झालेल्या, त्यामुळें त्यांचीं तोंडें नाना मापांचीं असत. ही अव्यवस्था एरवीं दोष म्हणून सांगतात व तो दोष होताच; परंतु शत्रूकडून कोणत्याहि मापाचा गोळा आला तरी तो किल्ल्यावरील कोणत्या ना कोणत्या तोफेस लागू पडण्याचा संभव त्यामुळेंच वाढे. यासाठीं किल्ल्याच्या आंत सांपडलेला इंग्रजी मापाचा गोळा बाहेरून आंत पडला एवढेंच म्हणून थांबूं नये. आणि बाहेरच्या शेतांत सांपडलेला इंग्रजी गोळा आंतून परत आलेला नसेलच असेंहि समजूं नये.

(५)

वेढा उठल्यावर दुसरा अध्याय सुरू होतो. खानदेशांत दगडी किल्ले थोडे व मातीच्या गढ्या फार. मातीच्या तटाचा गुण असा कीं गोळा त्यांत रुततो व फुटत नाहीं; दगडी तटावर आपटून जो गोळा तुकडे झाला असता, तो मातीच्या पोटांत अभंग राहतो. गढी ओस पडली कीं तिची पांढरी माती गांवकरी खणून नेतात. खानदेशांतील घरें धाब्याचीं. माळवदावर दर कांहीं वर्षांनीं नवी माती घालावी लागते. त्या मातीबरोबर गोळी घराच्या छपरावर जाते, शेतांत खतासाठीं पसरली तर नांगराखालीं येते. अशा रीतीनें गोळी सांपडल्याचें ठिकाण व गोळी लागल्याचें ठिकाण यांत कोसाचें अंतर पडूं शकतें. म्हणून आपल्या शेतांत गोळी सांपडली असें कोणी सांगितलें, तर त्या शेतांत माती कोठून आली होती हा दुसरा प्रश्न विचारल्यावांचून पहिल्या उत्तरास किंमत नाहीं.

लोखंडाचें असें भटकणें कमी, कारण तें आधींच लोहाराकडे पोंचलेलें असतें. लोखंड भात्यांत गेल्यावर तें तोफेचें होतें कीं नांगराचें हें कोणी सांगूं शकत नाहीं. तेथें पुरावा मिळतो तो कागदांतच. किल्ल्यांचे झाडे, हवालदार बदलतांना घेतलेल्या जिनसवार याद्या, कोठीचे जमाखर्च, हीं या विषयाचीं खरीं साधनें होत. त्यांत गोळ्यांची नोंद नगानें आहे कीं वजनानें, हा भेद बारकाईनें पाहावा. नगानें लिहिलेला गोळा तोफेस तयार आहे. मणाशेरानें लिहिलेलें लोखंड वा शिसें कच्चा माल समजला गेला आहे, मग तो नवा असो कीं वेंचून आणलेला असो. ज्यांच्या संग्रहीं असे कागद आहेत त्यांनीं हे रुक्ष आंकडे सोडून देऊं नयेत. पत्रव्यवहारांत पराक्रम सांपडतो, परंतु तो कशाच्या बळावर चालला होता हें यादींतच समजतें.

(६)

येथवर गोळा व दारू यांचा विचार झाला. तिसरें अंग वेष्टनाचें. काडतूस हा शब्द आपणांकडे पोर्तुगीज भाषेंतून आला आणि वस्तु मुळांत कागदाची : मापून घेतलेली दारू व गोळी कागदाच्या नळींत बांधलेली. बार झाला कीं कागद जळून जाई. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही गोष्ट उदास करणारी आहे, कारण हा कागद दर वेळीं कोराच असे असें नाहीं. फ्रान्सांत राज्यक्रांतीच्या काळांत, इ. स. १७९३ च्या सुमारास, जुन्या सरदारांच्या व मठांच्या दप्तरांतील चर्मपत्रें तोफांच्या दारूच्या पिशव्या शिवण्याकरितां शस्त्रागारांत धाडण्यांत आलीं. शेंकडों वर्षांच्या सनदा अशा रीतीनें तोफेच्या तोंडीं गेल्या. आपल्याकडेहि रद्दींत गेलेल्या दप्तरांचें पुढें काय होई हें संशोधकांस सांगणें नलगे. वाण्याची पुडी व दारूकामाची नळी या दोहोंस कागद लागतोच.

पुढें काडतूस धातूचें झालें आणि सर्व हिशेब बदलला. इ. स. १८६६ नंतर मागून भरावयाच्या स्नायडर बंदुका इंग्रजी फौजेंत आल्या, आणि इ. स. १८६९ सालीं पुण्याजवळ खडकीस काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. आतां बार झाल्यावर गोळी जाते, दारू जळते, परंतु पितळेची पुंगळी हातांत राहते. ती मूळ मापावर आणून तिच्या बुडाची फुटलेली टोपी काढून नवी बसविली, दारू व गोळी भरली, कीं काडतूस पुनः तयार. शिकारी लोक आपल्या पितळी पुंगळ्या अशाच भरीत. सरकारी फौजेंत मात्र रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेण्याची पद्धत पडली. पितळ महाग हें एक कारण, आणि भरण्याजोगी पुंगळी भलत्याच्या हातीं जाऊं नये हें दुसरें.

हें दुसरें कारण कायद्यांतहि उतरलें. इ. स. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यांत लष्करी सामुग्रीची जी व्याख्या होती, तिच्या आधारें सरकारनें जाहीर केल्यास शिसें, गंधक व सोरा हेहि त्या सदरांत घेतां येत. म्हणजे चुलीवर वितळणारें शिसें हें होऊं घातलेली गोळीच होय, हें सरकारनें ओळखलें होतें. त्याच वर्षीं जमिनींत सांपडणाऱ्या पुरलेल्या ठेव्यांचाहि कायदा झाला, आणि दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें भाग पडलें. मातींतून निघणाऱ्या वस्तूकडे पाहण्याचे सरकारचे हे दोन डोळे एकाच सालचे आहेत : एक भयाचा व एक लोभाचा. इतिहासाचा तिसरा डोळा त्या वेळीं सरकारजवळ नव्हता. तो संशोधकांस स्वतः उघडावा लागला.

काळाची गंमत अशी कीं ज्या खानदेशांत एके काळीं शिशाचा प्रत्येक शेर बाहेरून येत होता, तेथेंच पुढें काडतुसांचा मोठा कारखाना उभा राहिला. भुसावळचा आयुध कारखाना इ. स. १९४९ चा, दारूगोळ्याच्या पेट्या व डबे हें त्याचें काम. तेथून जवळच वरणगांवास इ. स. १९६४ सालीं लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला. इ. स. २०२१ च्या ऑक्टोबरांत सरकारी आयुध कारखान्यांची पुनर्रचना होऊन हे दोन्ही नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. उद्यांच्या संशोधकास या प्रांतांत पितळी पुंगळी सांपडली, तर ती लढाईची खूण समजण्यापूर्वीं त्यानें या कारखान्यांचें अस्तित्व ध्यानांत घ्यावें, म्हणून ही नोंद.

(७)

आतां एक गोष्ट सांगणें अत्यंत अवश्य आहे, कारण तींत संग्राहकांच्या जिवाचा प्रश्न आहे. वर चार वर्ग सांगितले ते भरीव गोळ्यांचे. कुलपी गोळा हा त्यांहून वेगळा. तो पोकळ असून त्याच्या पोटांत दारू असते व एका छिद्रांत जळती बत्ती बसविलेली असते. बत्ती विझली, किंवा गोळा चिखलांत रुतला, तर तो न फुटतां राहतो. मालेगांवचा शेवट अशाच गोळ्यांनीं झाला. तेव्हां या मुलखांत न फुटलेले कुलपी गोळे नसतीलच असें कोणीं धरून चालूं नये. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशें वर्षांनींहि पेटते. अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं इ. स. २००८ सालीं तेथील यादवी युद्धांतील गोळा साफ करीत असतां तो फुटून एक अनुभवी संग्राहक मरण पावला. युद्ध संपून तेव्हां एकशें त्रेचाळीस वर्षें झालीं होतीं. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यांत पुलगांवजवळ २० नोव्हेंबर १८ या दिवशीं, म्हणजे इ. स. २०१८ सालीं, कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट होऊन सहा माणसें गेलीं. निकामी ठरविलेला दारूगोळा सरकारी देखरेखींतहि जीव घेतो, मग घरच्या ओट्यावर घण मारून धातु वेगळी करणाराची काय कथा? मोडीच्या भावानें मिळणाऱ्या चार पैशांकरितां जुना गोळा फोडणें, किंवा प्रदर्शनांत शोभावा म्हणून तो घांसणें-तापविणें, हीं दोन्ही कृत्यें सारखींच घातक होत.

यास्तव पुढील सूचना कराव्याशा वाटतात. गोळ्यास कोठें छिद्र दिसलें, अगर आकाराच्या मानानें तो हलका लागला, तर त्यास हात लावूं नये, हलवूं नये, पोलिसांस कळवावें. तें काम जाणत्या माणसांचें आहे. अर्थात् छिद्र गंजानें भरून गेलें असेल तर तें दिसत नाहीं, म्हणून शंका आली तरी हाच नियम पाळावा. भरीव असल्याची जाणत्यांकडून खात्री झाल्यावरच त्याचें वजन करावें, दोरीनें घेर मोजावा व दोन्ही लिहून ठेवावींत. चोवीस रतली गोळा सुमारें अकरा किलो, अठरा रतली सुमारें आठ किलो व बारा रतली साडेपांच किलोच्या जवळपास भरतो, गंजानें थोडी घट येते. पृष्ठावर सांच्याची शीव किंवा ओत तोडल्याची खूण आहे कीं घणाचे चपटे ठसे आहेत, हें पाहावें. तेवढ्यानें ओतीव कीं घडीव हें ठरतें. शिशाची गोळी चपटी असेल तर ती आपटलेली आहे, गोल असेल तर ती बहुधा झाडलेलीच नाहीं, हा भेद नोंदवावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे वस्तु नेमकी कोठें, किती खोल, कोणत्या मातींत सांपडली, तें त्याच दिवशीं टिपावें. शंभर वर्षांहून जुनी वस्तु इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याच्या कक्षेंत येऊं शकते आणि संरक्षित किल्ल्यावरून कांहींहि उचलणें हा गुन्हा आहे, हेंहि स्मरणांत असावें. ठिकाण न लिहिलेला गोळा कपाटांत ठेवला काय आणि मोडींत घातला काय, इतिहासाच्या दृष्टीनें सारखेंच.

(८)

इतिहासाचार्य राजवाडे यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला आणि त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठीं तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. त्यांच्या उदाहरणानें महाराष्ट्रास एक गोष्ट शिकविली : रद्दी म्हणून टाकलेल्या कागदांतच राष्ट्राची हकीकत असते. धातूच्या मोडीस तोच न्याय लावण्याची वेळ आतां आली आहे. मात्र कागदाची रद्दी व धातूची मोड यांत एक भेद आहे. कागद नष्ट होतो तेव्हां त्याची जागा रिकामी दिसते. धातु नष्ट होत नाहीं, ती दुसरें रूप घेते, आणि म्हणून हानि झाल्याचें कोणास कळतहि नाहीं.

मालेगांवच्या शिबंदीनें किल्ला सोडला, तेव्हां तिला मराठींत एक कागद लिहून देण्यांत आला होता. त्यांतील शब्दांच्या अर्थावरून पुढें वाद निघाला, आणि अखेर तो अर्थ अरबांच्या बाजूनें मान्य करण्यांत आला. त्या महिनाभरांत मालेगांवावर जेवढें लोखंड पडलें, त्याचा मोठा भाग आज कोणाच्या तरी अवजारांत मिसळून गेला असेल. त्या एका कागदाच्या शब्दांनीं मात्र कित्येक माणसांचें भवितव्य ठरविलें व त्यांची आठवण इतिहासग्रंथांत राहिली. तेव्हां गोळा सांपडला तर यादी शोधावी, आणि यादी सांपडली तर गोळ्याचें ठिकाण शोधावें. एकाच्या साक्षीवांचून दुसऱ्यावर निकाल देऊं नये, इतकेंच या टिपणाचें सांगणें आहे.